हक्काचं, वर्गणीचं आणि गाठीचं

रत्नागिरी जिल्हा नकाशावर उभा आणि चिंचोळा दिसतो. उत्तरेला मंडणगड, दक्षिणेला राजापूर, मधे सुमारे १८० किलोमीटर. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्रीची भिंत. मोठ्या आजारासाठी इथला माणूस पूर्वीपासून दोनच वाटा धरत आला आहे. एक आंबा किंवा कुंभार्ली घाट चढून कोल्हापूर-कऱ्हाडकडे जाते, दुसरी महामार्गाने किंवा कोकण रेल्वेने मुंबईला. आरोग्याच्या खर्चाचा विचार इथे या वाटांपासूनच सुरू करावा लागतो. रुग्णालयाचं बिल हा खर्चाचा एक भाग झाला. गाडीभाडं, सोबत गेलेल्या माणसाचं राहणं-जेवण, बुडालेली मजुरी आणि घरी परतल्यावर महिनोन्‌महिने चालणारी औषधं हा दुसरा भाग. विमा कंपनीच्या कागदावर या दुसऱ्या भागाचा बहुतेक हिशेब नसतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८मध्ये, ग्रामीण भारतातल्या जेमतेम १४ टक्के लोकांना आरोग्यखर्चाचं कसलंही संरक्षण असल्याचं आढळलं होतं, आणि त्यातही सरकारी योजनांचा वाटा मोठा होता. कंपनीची पॉलिसी घेणारं घर खेड्यात आजही विरळा. कारण सरळ आहे. पन्नाशी-साठीतल्या माणसाला धरून कुटुंबाची पॉलिसी घ्यायची तर वर्षाचा हप्ता एकरकमी भरावा लागतो, तो वयाबरोबर वाढत जातो, आणि आधीपासून असलेल्या मधुमेहाला किंवा रक्तदाबाला संरक्षण मिळायला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला, हे चांगलंच झालं. पण ज्याच्या हातात वर्षातून एकदाच पैसा येतो त्याची अडचण त्याने सुटलेली नाही.

मात्र पॉलिसी नाही म्हणजे घर उघड्यावर आहे, असंही नसतं. प्रत्येक घराला कशाचा ना कशाचा आधार असतो. सरकारी योजना असते, मालकाने भरलेली वर्गणी असते, मुंबईतलं गावचं मंडळ असतं, पतपेढी असते, शेवटी बायकोच्या अंगावरचं सोनं असतं. हे सगळे विम्याचे पर्याय म्हणून एका रांगेत मांडले जातात आणि तिथेच घोटाळा होतो. या प्रकरणात प्रत्येक आधाराला मी एकच प्रश्न विचारणार आहे : हे पैसे मागण्याचा मला अधिकार आहे, की कुणी दिले तरच ते मिळणार आहेत? एकदा हे कळलं की कशावर किती भार टाकायचा ते ठरवता येतं.

हिशेबासाठी एक घर डोळ्यांसमोर धरू. हे घर कल्पित आहे, पण अशी घरं वाडीवाडीत सापडतील. लांजा तालुक्यातली एक वाडी. वडील ७२ वर्षांचे. आई ६३ वर्षांची, तिला मधुमेह. मुलगा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत महिना १८,००० रुपयांवर कामाला. सून आणि शाळेत जाणारी मुलगी. थोडी भातशेती, पंचवीस-तीस हापूसची कलमं.

जे आधीच आपलं आहे

या घराकडे न मागता आलेला एक मोठा आधार आहे, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कोकणातला रायगड त्या आठांत होता, रत्नागिरी नव्हता. नोव्हेंबर २०१३मध्ये ती राज्यभर लागू झाली, २०१७मध्ये तिचं नाव बदललं आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाऊ लागली. बरीच वर्षं तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख होती आणि लाभ पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरता होता. २०२३च्या निर्णयानुसार ही मर्यादा पाच लाखांवर गेली, पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातली सगळी कुटुंबं तिच्यात आली, आणि १ जुलै २०२४पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्या वेळी उपचारांची यादी १,३५६ची होती.

या योजनेचं मोल कळण्यासाठी ती पॉलिसीच्या शेजारी ठेवून पाहावी. हिच्यात हप्ता नाही. वयाची अट नाही. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ नाही. लांज्याच्या त्या आईला उद्या हृदयाची शस्त्रक्रिया लागली तर ‘मधुमेह जुना आहे’ म्हणून कुणी तिला परत पाठवू शकत नाही. कोणत्याही खासगी कंपनीला ६३ वर्षांच्या मधुमेही बाईसाठी पहिल्या दिवसापासून हे वचन देणं परवडणार नाही. पॅकेजमध्ये खाट, शुश्रूषा, शस्त्रक्रिया, औषधं, रुग्णाचं जेवण, घरी सोडल्यानंतर दहा दिवसांची औषधं आणि घरी जाण्याचं एसटीचं किंवा रेल्वेचं भाडंही धरलेलं असतं. हे भाडं थोडकं असेल, पण मागण्याचा अधिकार आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो.

आता मर्यादा. योजना उपचारांच्या यादीवर चालते. रुग्णालय योजनेत असायला हवं, आणि त्या रुग्णालयाची तुमच्या आजाराच्या विभागासाठी नोंद असायला हवी. एखादं रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असतं आणि हृदयासाठी नसतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते. बाह्यरुग्ण विभागात दाखवणं, रोजच्या गोळ्या, किरकोळ तपासण्या यात येत नाहीत. म्हणून रुग्णालयाच्या दारात पोचल्यावर पहिली भेट डॉक्टरांइतकीच आरोग्यमित्राची महत्त्वाची. हा माणूस योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात नेमलेला असतो आणि त्याचं टेबल दर्शनी भागात असावं असा नियम आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन दाखल होतानाच त्याच्याकडे जावं. आधी रोख भरून ‘मग बघू’ म्हणणाऱ्यांचे पैसे अडकतात, कारण ही योजना बिलाची भरपाई नंतर देणारी नाही. जाण्याआधी १५५३८८ या क्रमांकावर फोन करून रुग्णालय आणि आजार दोन्हींची खात्री करून घेता येते. घाट चढून दीडशे किलोमीटर गेल्यावर ‘हा विभाग आमच्याकडे योजनेत नाही’ हे ऐकण्यापेक्षा तो एक फोन फार स्वस्त.

वडिलांसाठी आणखी एक दार उघडं आहे. २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. घरात सत्तरीच्या पुढची दोन माणसं असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. निवृत्त शिक्षक, पोस्टातून निवृत्त झालेले लोक आपण योजनेतले नाही असं मानून बसतात. त्यांनी हे कार्ड काढलंच पाहिजे. खासगी पॉलिसी असली तरी ते काढता येतं.

मुलाच्या बाबतीत त्याच्या पगाराची चिठ्ठी वाचावी. राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, हा १९४८च्या कायद्याने उभा राहिलेला देशातला सगळ्यात जुना मोठा पर्याय. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी तो आहे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, असा २०१९पासूनचा दर आहे. १८,०००च्या पगारावर मुलाचे कापले जातात १३५ रुपये आणि मालक घालतो ५८५. एवढ्यात त्याला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना उपचार मिळतात आणि बाह्यरुग्ण सेवाही मिळते. शिवाय आजारपणात काम बुडालं तर ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. बुडालेल्या मजुरीची भरपाई देणारी दुसरी कोणतीही व्यवस्था या घराच्या आवाक्यात नाही. मासळी प्रक्रिया कारखान्यांत, लोट्याच्या रासायनिक वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्यांची अडचण अशी की, कपात होते की नाही हेच त्यांना ठाऊक नसतं. ती होत नसेल आणि कायदा लागू असेल, तर मालकाला विचारण्याचा पूर्ण हक्क कामगाराला आहे.

सरकारी रुग्णालयाला लोक पर्याय म्हणून मोजतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. १५ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय त्यात आलं. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे असल्याने त्या निर्णयात नव्हती, म्हणून तिथे केसपेपरच्या खिडकीवर दर विचारून घ्यावेत. रत्नागिरीत २०२३-२४पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि त्याला जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तज्ज्ञ डॉक्टर जिल्ह्यातच मिळू लागले की घाटाचा खर्च वाचतो, आणि तो वाचणं म्हणजे गरीब घराला मिळालेला विमाच. लावणीच्या दिवसांत अंगात ताप भरलेला शेतकरी लेप्टोस्पायरोसिसच्या संशयाने वेळेवर ग्रामीण रुग्णालयात पोचला तर त्याचा आजार थोडक्यात आवरतो. तो चार दिवस घरी थांबला तर आजार मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. पैशाची सगळ्यात मोठी बचत इथे होते, आणि तिच्यासाठी कुठल्याच कार्डाची गरज नसते.

अपघाताचं थोडं वेगळं आहे. मुंबई-गोवा महामार्ग ज्या जिल्ह्याच्या मधून जातो तिथे हे माहीत असायलाच हवं की मे २०२५मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे. आंब्याच्या झाडावरून पडून, साप चावून किंवा वीज पडून शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळू शकतात. हात, पाय किंवा डोळा गेला तर नुकसानीप्रमाणे एक किंवा दोन लाख. हे उपचाराचे पैसे नाहीत, पण कमावता माणूस गेल्यावर घर तगवायला उपयोगी पडतात. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकखात्यातून चालू असेल तर दोन लाखांचा अपघाती विमा वेगळा मिळतो.

ज्वारीचा हप्ता

दुसरा प्रकार वर्गणीचा. चार माणसांनी एकत्र येऊन थोडं थोडं साठवायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं. ‘विम्याला पर्याय’ हे शब्द खऱ्या अर्थाने यालाच शोभतात, आणि याचा महाराष्ट्रातला सगळ्यात शिकण्यासारखा प्रयोग विदर्भात झाला.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९मध्ये तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. या संस्थेतले वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांसाठी एक योजना उभी केली, ती ‘ज्वारी विमा’ म्हणून ओळखली गेली. खेड्यातल्या माणसाकडे दर महिन्याला रोख नसते, पण ज्वारी निघते तेव्हा घरात धान्य असतं. मग हप्ता धान्याच्याच रूपात आणि सुगीतच घ्यायचा. ज्याच्याकडे जास्त जमीन त्याने जास्त ज्वारी द्यायची, भूमिहीनाने थोडी. उपचार मात्र सगळ्यांना सारखे. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्याचा आणि प्राथमिक औषधांचा खर्च त्या धान्यातून चालायचा. अचानक उद्भवलेल्या आजारात सभासदाला रुग्णालयात मोफत दाखल करून घेतलं जाई. आधीपासून ठरवता येण्यासारख्या उपचारांना पूर्ण माफी नव्हती, बिलात सवलत होती.

यातली सगळ्यात महत्त्वाची अट अशी होती : गावातली किमान ७५ टक्के घरं सामील होणार असतील तरच त्या गावाला योजना मिळेल. ही अट का, हे समजलं की सगळा विमाधंदाच समजतो. स्वेच्छेने सभासद करायचं ठरवलं तर आधी कोण येईल? ज्याच्या घरात आजारी माणूस आहे तो. तरणेताठे, धडधाकट लोक ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतील. मग निधीत आजारीच जास्त, खर्च वाढणार, हप्ता वाढवावा लागणार, आणि हप्ता वाढला की उरलेसुरले धडधाकटही निघून जाणार. कंपनी यातून वाट काढते ती आजारी माणसाला आत न घेऊन किंवा त्याला थांबायला लावून. सेवाग्रामने उलटी वाट धरली : सगळं गाव आत घ्या, मग आजारी माणसाला बाहेर ठेवायची गरज उरत नाही.

दुसरं सत्यही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. त्या ज्वारीतून रुग्णालयाचा सगळा खर्च कधीच निघत नव्हता. मागे संस्था होती, तिला सरकारी अनुदान होतं. गावाची वर्गणी म्हणजे खर्चातला हिस्सा आणि रुग्णालयावरचा हक्क. केवळ गरिबांच्याच पैशांतून गरिबांची मोठी शस्त्रक्रिया होईल, अशी कल्पना कुणी विकत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

शहरातही असे प्रयोग झाले. पुण्यात डॉ. मेधा पुरव-सामंत यांच्या अन्नपूर्णा परिवाराने वस्त्यांमधल्या कष्टकरी बायकांसाठी बचत आणि कर्जाच्या जोडीने आरोग्यनिधी उभा केला. ‘अपलिफ्ट’ या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या अशा परस्पर निधींत दावा मंजूर करायचा की नाही हे सभासदांची समिती ठरवते. समितीतल्या बाईला वस्ती माहीत असते, खोटा दावा तिथे फार काळ टिकत नाही. शिवाय कुठल्या दवाखान्यात जावं याचा सल्ला सभासदाला मिळतो, आणि अनेकदा मिळालेल्या पैशांपेक्षा तो सल्लाच जास्त वाचवतो. शेजारच्या कर्नाटकात २००३मध्ये सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना सुरू झाली. माणशी वर्षाला ६० रुपये वर्गणी आणि वर सरकारची मदत. सहकाराचं जाळं आधीच असल्यामुळे लाखो सभासद एकदम मिळाले आणि ज्वारी विम्याची ७५ टक्क्यांची अडचण तिथे वेगळ्या रीतीने सुटली.

युरोपातही सुरुवात अशीच झाली होती. वेल्समधल्या ट्रेडेगर गावात खाणकामगार पगारातून काही पेन्स देत आणि त्या पैशांतून डॉक्टर, औषधं, रुग्णालय चाले. त्याच गावचा एक खाणकामगार, अन्यूरिन बेवन, पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी त्याने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. गावची वर्गणी देशाच्या करात बदलली आणि वर्गणीदाराचा लाभ नागरिकाचा हक्क झाला.

रत्नागिरीच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. मुंबईच्या गिरणगावात एका गावच्या चाकरमान्यांनी मिळून घेतलेल्या खोल्या, त्यांची महिन्याची वर्गणी, गावचं मंडळ या गोष्टी आपल्याच आहेत. गावाहून आजारी माणूस परळच्या केईएमला यायचा तेव्हा तो उतरायचा याच खोल्यांत. मंडळातला कुणीतरी त्याच्याबरोबर रांगेत उभा राहायचा, डबा पोचवायचा. बिलाचा मोठा भाग महापालिकेच्या रुग्णालयाने उचललेला असायचा आणि भोवतालचा सगळा खर्च गावाने. गिरण्या गेल्या, माणसं विरार-डोंबिवलीपर्यंत पांगली, पण मंडळं टिकून आहेत. आज त्यांचा पैसा मुख्यतः मंदिराच्या जीर्णोद्धाराला, पालखीला आणि क्रिकेटच्या स्पर्धांना जातो. देवाच्या कामाला कुणी विरोध करू नये. पण त्याच वहीत आजारपणाचं एक पान असावं, असं मला मनापासून वाटतं.

एक कायदेशीर सावधगिरी मात्र पाळावी. ठरावीक हप्ता घेऊन ठरावीक रक्कम देण्याचं वचन दिलं तर तो विम्याचा व्यवसाय ठरतो. त्याला विमा नियामक प्राधिकरणाची परवानगी लागते आणि विमा कंपनीसाठी किमान भांडवलाची अट १०० कोटी रुपयांची आहे. मंडळाने म्हणून ‘पॉलिसी’ देऊ नये. मदतनिधी ठेवावा, मर्यादा ठरवावी, हिशेब सभेपुढे मांडावा.

गाठीचे पैसे आणि लोकांचे पैसे

‘हप्ता भरण्यापेक्षा तेवढे पैसे बँकेत टाकू’ हा विचार अनेकांच्या मनात येतो. त्याचा हिशेब करून पाहू. महिना २,००० रुपये साडेसहा टक्के व्याजाने दहा वर्षं नियमाने टाकले तर सुमारे ३ लाख ३५ हजार होतात. रक्कम चांगली आहे, पण ती दहाव्या वर्षी. पहिल्या वर्षाच्या अखेरीला हातात २५ हजारही नसतात, आणि आजार दहावं वर्ष पाहून येत नाही. शिवाय एका मोठ्या आजारात ती सगळी संपते आणि दुसऱ्या आजाराला काहीच उरत नाही. केवळ स्वतःच्या साठवणीवर कर्करोगाला किंवा मूत्रपिंडाच्या आजाराला तोंड द्यायचं ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

पण जे खर्च कुठलीच योजना देत नाही, त्यांच्यासाठी साठवणीला तोड नाही. भारतातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हा उरलेला वाटाही मोठाच आहे, आणि त्यात गोळ्या-औषधं आणि बाह्यरुग्ण उपचार फार. लांज्याच्या आईच्या मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा जनऔषधी दुकानातून घेतल्या तर खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो. उरलेल्यासाठी वेगळं खातं हवं. आणि ते कधी भरायचं, याला आपल्याकडे महत्त्व आहे. बागायतदाराच्या हाती पैसा येतो मार्च ते मे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नेमक्या पावसाळ्यात ताप, घसरून पडणं, विंचू-सापाचे दंश वाढतात, तेव्हा दोन्ही घरांत रोख नसते. सेवाग्रामची ज्वारी सुगीत गोळा होई, तसा आपला आजारपणाचा पैसा आंब्याच्या पट्टीतूनच बाजूला काढावा. तो नसला की पुढच्या मोसमाची बाग आगाऊ पैसे घेऊन पडेल भावाने कराराने द्यावी लागते, आणि आजाराचं व्याज कलमांवर बसतं. मुलगा जुन्या करपद्धतीने विवरण भरत असेल तर विमा नसलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या उपचारखर्चावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळू शकते. त्यासाठी पैसे रोखीने न देता बँकेतून द्यावेत.

लोकांच्या पैशांत पहिला क्रमांक धर्मादाय रुग्णालयांचा, कारण तिथे दया आणि कायदा एकत्र आले आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या रकमेचे दोन टक्के वेगळ्या निधीत ठेवायचे असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. मुंबई-पुण्याची अनेक नावाजलेली रुग्णालयं यात मोडतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जावं. हे उपकार म्हणून मागायचं नाही, कायद्याने दिलेलं म्हणून मागायचं. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास, मोबाइलवरून लोकवर्गणीचं आवाहन हे सगळे मदतीचे मार्ग आहेत. वेळेला ते धावून येतात आणि अनेकांचे जीव त्यांनी वाचवले आहेत. पण इथे मागण्याचा अधिकार नाही, रक्कम अंशतः असते, आणि अर्ज बहुधा रुग्ण दाखल असतानाच करावा लागतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या ‘हेल्थ कार्डां’बद्दल मात्र सावध करायला हवं. वर्षाला हजार-दोन हजार घेऊन दिलेलं कार्ड बहुतेक वेळा ठरावीक दवाखान्यांतल्या सवलतीचं असतं. त्यावर विमा नियामकाचा नोंदणी क्रमांक नसेल तर तो विमा नाही.

मग लांज्याच्या घराने पॉलिसी घ्यावीच नाही का? आई-वडिलांसाठी योजनांच्या आधारावर राहणं समंजसपणाचं आहे. मुलगा, सून आणि नात यांच्यासाठी, तरुणपणीच, मोठ्या वजावटीची सुपर टॉप-अप पॉलिसी विचारात घ्यावी. ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च आपला, त्यापुढचा कंपनीचा, म्हणून तिचा हप्ता बराच कमी असतो. सरकारी योजनेचं पॅकेज आणि टॉप-अप एकाच बिलाला जोडता येईल असं गृहीत धरू नये. विकणाऱ्याकडून ते लेखी घ्यावं. मुलाचा पगार २१,०००च्या वर गेला की ईएसआयचं छत्र जाऊ शकतं, आणि पगारवाढीच्या आनंदात नेमकं हेच विसरलं जातं. त्याआधी ही पॉलिसी हातात असलेली बरी.

शिमग्याला सगळे चाकरमानी गावी असतात आणि मंडळाची सभाही बहुधा तेव्हाच होते. त्या सभेत एक तास बाजूला ठेवून वाडीतल्या प्रत्येक घराची आयुष्मान कार्डं निघाली आहेत का, शिधापत्रिकेवर सुनेचं आणि लहान मुलांचं नाव चढलं आहे का, आधारवरचं नाव शिधापत्रिकेशी जुळतं का हे तपासता येईल. नाव न जुळल्याने मंजुरी अडते, आणि ती दुरुस्ती रुग्ण अतिदक्षता विभागात असताना होत नाही. जिल्ह्यातल्या, कोल्हापूरच्या आणि मुंबईतल्या योजनेतल्या रुग्णालयांची विभागवार यादी मंडळाच्या वहीत उतरवून घ्यावी आणि दरवर्षी ताजी करावी. साठ घरांच्या वाडीत घरटी ५०० रुपये जमले तर ३० हजार होतात. त्यातून कुणाची शस्त्रक्रिया होणार नाही, पण रात्री दोन वाजता कोल्हापूरला निघणाऱ्या गाडीचं भाडं आणि सोबतच्या माणसाचे पहिले चार दिवस निघतील. उपचार योजनेतून, भोवतालचं वाडीच्या निधीतून, गोळ्या आंब्याच्या पैशांतून. आणि सेवाग्रामची अट इथेही लावावी : साठांपैकी पंचेचाळीस घरं तयार झाली तरच वही उघडायची.